सुमननं पाणी बदललं

हळदीत ओला चुना कालवला की रंग लाल होतो. त्या मिश्रणाचा वास आला की मी जिथं शिकवलं ती पाटोद्याजवळची शाळा आठवते. गावात नुकतीच केबल आली होती. तरी एका बुवानं शांताबाईच्या दारात पिवळ्या फडक्यावर तीर्थ शिंपडलं, ते रक्तासारखं लाल झालं, आणि लोक तिला करणी करणारी म्हणू लागले.

मी वर्गात हळदीच्या फडक्यावर चुन्याची निवळी शिंपडून दाखवली. ते पाहून शांताबाईची नात सुमन तडक बुवापुढं गेली. “म्हाराज, आता आमच्या घागरीतलं पानी शिंपडा की!”

बुवा तयार होईना, तेव्हा तिनंच त्याच्या दुसऱ्या फडक्यावर पाणी ओतलं. ते पिवळंच राहिलं. लोक हसले आणि बुवानं गाव सोडलं.

तेव्हा मला तिच्या धिटाईचं कौतुक वाटलं होतं. आता वाटतं, पाणी बदलून बघायचं तिला सुचलं, हेच मोठं. ते मी शिकवलं नव्हतं.