काकांच्या मनगटावरचा मासा

आधीच सांगतो, असल्या गोष्टी मी मानत नाही. आमच्या घरात अंगारा-धुपारा कधी शिरलाच नाही. वडील रविवारी विहारात जायचे आणि आल्यावर मला एवढंच विचारायचे, आज काय वाचलंस? घराण्यातला पहिला पदवीधर मी. सध्या हिंगोलीत ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो. तरीही हे लिहितोय... कारण ज्यांच्यामुळे मी शिकवायला उभा राहू शकलो, त्यांची ही गोष्ट आहे.

बी.एस्सी. झाल्यावर मी मुंबईत, अंधेरीतल्या एका नाइट क्लबच्या दारावर नोकरीला लागलो. लोक बाउन्सर म्हणतात. शरीर दणकट होतं, एम.एस्सी. करायचं होतं आणि दिवस मोकळा मिळायचा. पहिल्याच रात्री माझं बोलणं ऐकून शेजारी उभा असलेला पन्नाशीचा माणूस वळला.

"काहून रे, हिंगोलीकडचा का तू?"

ते गंगाराम काका. हिंगोलीजवळच्या नरसी नामदेवचे. त्या दिवसापासून मी त्यांचा पुतण्याच झालो.

दारावरचं काम सोपं नव्हतं. पिऊन आलेली माणसं, फुटलेल्या बाटल्या, गाडीतून उतरतानाच दादागिरी करणारी पोरं. काका कुणाची कॉलर धरत नसत. उघडा पंजा समोर धरून नुसते उभे राहायचे. "तू जानता नहीं मैं कौन हूँ," असं रोज कुणीतरी म्हणायचंच. काका शांतपणे म्हणायचे, "साहब, कल दिन में आइए, अच्छे से पहचान लेंगे." निम्मे लोक हसून परत जायचे. एकाने मात्र हसण्याऐवजी त्यांच्या दंडावर चाकू ओढला होता. माझी परीक्षा असली की काका एकटे दार सांभाळायचे आणि मला बाहेरच्या जिन्याखालच्या दिव्यापाशी अभ्यासाला बसवायचे. "शिक बाबा, माझ्यासारखं दारातच राहू नको."

दारातच राहणं, हे खरंच होतं. दारावरच्या माणसांनी आत जायचं नाही, असा मालकाचा नियम होता. पाणी, जेवण, सगळं बाजूच्या गल्लीत. दार उघडलं की गाणं बाहेर यायचं, बंद झालं की भिंतीतून नुसती धपधप. काकांनी उभं आयुष्य लोकांना आत सोडण्यात घालवलं, पण आत काय आहे हे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. त्यांची तेवढीच एक हौस होती. "येकदा पाहुना म्हणून जायचंय रे, शिक्का मारून घेऊन."

हा शिक्का म्हणजे आत जाणाऱ्याच्या डाव्या मनगटावर आम्ही मारायचो तो. साध्या उजेडात दिसत नाही, निळा टॉर्च मारला की चमकतो. कुणी नक्कल करू नये म्हणून चित्र रोज वेगळं असायचं.

मग काकांना लकवा झाला. डावी बाजू गेली. मुलगा त्यांना गावी घेऊन गेला.

काही महिन्यांनी काका जास्त आजारी आहेत असा फोन आला. शनिवारची रात्र होती, रजा मिळेना. ड्युटी संपवून पहाटेच निघालो आणि रविवारी दिवस मावळायच्या आत नरसीला पोहोचलो. काका बाजेवर पडून होते. मी पाया पडलो. काकू चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "हे म्हनतेत, तिथं न दिसनारा शिक्का असतोय. मला तं थापच वाटती."

टॉर्च खिशातच राहिला होता. ड्युटीच्या सुरुवातीला शिक्का तपासायला आम्ही तो स्वतःच्या हातावर उठवून बघायचो, म्हणून मनगट पुढे करून टॉर्च लावला. अर्धवट धुतलेला मासा चमकला. काकू तोंडाला पदर लावून हसल्या.

टॉर्च बंद करताना उजेड काकांच्या डाव्या हातावरून गेला. तिथेही मासा होता. पूर्ण, ठळक, ताजा.

त्या माशाच्या शिक्क्याचं पाकीट शनिवारी रात्री माझ्यासमोर पहिल्यांदा फोडलं होतं. माझ्या हाताची शाई लागली असेल, हेच मलाही आधी वाटलं. पण तसं उमटलं असतं तर मासा उलटा आला असता. याचं तोंड माझ्या माशासारखंच डावीकडे होतं. आणि मी त्यांच्या हाताला हातही लावला नव्हता.

काल कुणी आलं होतं का, असं काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, कुणीच नाही, रात्रभर मी उशाशी बसून होते, कूससुद्धा मीच बदलून दिली.

"काका," मी वाकून विचारलं, "हा शिक्का कुणी मारला?"

"तूच की रे." आवाज जड होता, पण शब्द स्पष्ट. "लई गर्दी होती. तू मान वर करून पाहिलंबी न्हाईस."

माझ्या तोंडून शास्त्राचा प्रश्न निघायला हवा होता. निघाला तो वेगळाच. "आत कसं होतं?"

काकांनी नजर वर पत्र्याकडे नेली. चेहऱ्याची चालणारी बाजू हसत होती. "आपन दारात ऐकत होतो ना ती धपधप... आत गेलं की ती छातीतच वाजती."

तीन दिवसांनी काका गेले.

दरवर्षी वर्गात तो धडा येतो, न दिसणारी शाई का चमकते ते मी फळ्यावर नीट समजावून सांगतो. पोरांना कळतंही. मला मात्र एक गोष्ट अजून कळलेली नाही. शिक्का मारताना समोरच्याचा हात आपल्या हातात घ्यावाच लागतो. म्हणजे त्या गर्दीत काकांचाही घेतला असणार... आणि तो मला ओळखू कसा आला नाही?