ठिपक्यांवरून फिरलेला वरवंटा

वडगाव निंबाळकरच्या कुशाबाईंना रिकामं बसणं ठाऊकच नव्हतं. कालव्याच्या पाण्यावरची वांगी तोडायची, पाट्या भरून बारामतीच्या बाजाराला धाडायच्या आणि उरल्या वेळात जे वाकडं दिसेल ते सरळ करायचं. नवरा गेणबाही त्यातून सुटला नव्हता. अशा बाईच्या तावडीत साल छप्पन्नमध्ये लेकाची पेटी सापडली.

कुंडलिक हा त्यांचा थोरला. लहानपणी देवी आल्या नि जाताना त्याचे दोन्ही डोळे घेऊन गेल्या. गाव म्हणालं, याला देवळात बसवा, भजन शिकवा. कुशाबाईंनी त्याला पुण्याला अंधांच्या शाळेत घातलं. तिथं तो जाड कागदावर टोच्यानं ठिपके उठवून लिहायला नि ते बोटांनी वाचायला शिकला. पुढं कॉलेजात गेला. मित्र पुस्तकं वाचून दाखवत, हा ती टोचून उतरवून घेई. बी.ए.ची परीक्षा महिन्यावर आल्यावर तो अभ्यासाला घरी आला, तो हीच पानं पेटीत भरून.

ठिपक्यांनी फुगलेली पानं पेटीत मावेनात, झाकण लागेना. कुशाबाईंना ते बघवेना. कुंडलिक वडिलांबरोबर मळ्यात गेला, तशी त्यांनी पाट्यावरचा वरवंटा धुऊन पुसून घेतला आणि एकेक पान जमिनीवर पसरून त्यावरून चांगला दाबून फिरवला. पानं पापडासारखी सपाट झाली. झाकणही लागलं. करायला गेल्या गणपती नि झाला मारुती, तो असा.

संध्याकाळी कुंडलिकनं पान मांडीवर घेतलं. बोटं या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली नि परत आली. त्यानं दुसरं घेतलं, तिसरं घेतलं.

"आई, पेटीत कोरे कागद कुणी भरले?"

"कोरे कशानं? तुजंच हायेत. फुगलं व्हतं, म्या वरवंटा फिरवून सरळ केलं."

कुंडलिकनं पानं पुन्हा पेटीत ठेवली. ज्यांवरून लिहून घेतलं ती पुस्तकं मित्रांची, आणि मित्र पुण्यात. शेवटी म्हणाला, "राहू दे. परीक्षा पुढच्या साली बघू." त्यानं चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं. त्या 'राहू दे'नं कुशाबाईंचं काळीज चिरलं.

सकाळी त्यांनी एक पान उन्हात धरलं. बोटाला काही लागत नव्हतं, पण जिथं ठिपका होता तिथं बारीक खूण राहिली होती.

"कुंडलिका, वण हायेत रं. तुला लागत न्हाईत, पर मला दिसत्यात."

पोती शिवायचं दाभण घेऊन त्या बसल्या, तर पहिल्याच ठिपक्याला कागद आरपार. कुंडलिकला हसू फुटलं. त्यानं आपला बोथट टोचा त्यांच्या हातात दिला, खाली घोंगडीची घडी घ्यायला लावली आणि पान पालथं घालून खुणेवर बेतानं दाबायला सांगितलं. ठिपका उठला. अक्षराची ओळख नसलेल्या बाईनं बघता बघता ओळ पुरी केली नि पान उलटून लेकाच्या बोटाखाली सरकवलं.

"शेरशहानं जमीन मोजून शेतसारा ठरवला," कुंडलिकनं वाचलं.

"म्हंजे तवाबी सारा व्हता व्हय?" कुशाबाई म्हणाल्या नि पुढच्या ओळीला लागल्या.

मग त्या उठेचनात. झाडावर वांगी जून व्हायला लागली. गेणबा आधी कुरकुरला, मग मुकाट पाटी घेऊन स्वतः तोडणीला गेला. एकदा भाकरीही थापून पाहिली, ती कुणी खाल्ली नाही. इकडं प्रत्येक पान लेकाकडून वाचून घेतल्याशिवाय कुशाबाई पुढचं धरत नव्हत्या. आपण काय लिहिलं ते कळायला नको का? जायच्या दिवशी पेटीचं झाकण पुन्हा लागेना. त्यांनी वरून काथ्याची दोरी आवळली.

कुंडलिक लेखनिकाला उत्तरं सांगून परीक्षेला बसला आणि दुसऱ्या वर्गात पास झाला. चावडीवर गावानं त्याला हार घातला. कुशाबाईंच्या छातीत आनंद मावत नव्हता, तरी त्या रीतीप्रमाणे बायकांत मागं उभ्या होत्या. गावच्या बिरदेव गुरुजींनी विचारलं, "पेपरात सगळ्यात चांगलं उत्तर कशाचं गेलं?"

"शेरशहाच्या शेतसाऱ्याचं," कुंडलिक म्हणाला.

बायकांतून वाट काढत कुशाबाई पुढं आल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा पुरुषांच्या बैठकीत खणखणीत आवाजात बोलल्या.

"गुरुजी, त्ये पान म्या लिवलंय."