क्लॅरोनेट मास्तरांची, आवाज दुसऱ्याचा

भातकुलीच्या एका भाजीवाल्या माळ्याच्या घरातून सहदेव मास्तर अमरावतीला आले, ते क्लॅरोनेट काखोटीला मारूनच. तीस वर्षांत त्यांच्या बँडने अमरावती-अकोल्याचे किती नवरदेव मारोतीच्या पारावर नेले, याची गणती नव्हती. नवरदेव घोड्यावरून उतरून देवळात शिरेपर्यंत मास्तर एक संथ चाल एकटेच वाजवीत. तेवढा वेळ ताशेसुद्धा गप्प राहत.

पण लोक त्यांना ओळखत ते टीव्हीवरचा गडी म्हणून. एका मालिकेत त्यांनी विसरभोळ्या वऱ्हाडी गड्याचे काम केले, आणि ‘मले काय मालूम, बाईसायेब!’ हे वाक्य असे गाजले की पुढच्या पाच मालिकांनीही त्यांना गडीच केले. मालकिणी बदलल्या, गडी तोच राहिला. आपली क्लॅरोनेट एकदा तरी टीव्हीवर वाजावी, एवढीच मास्तरांची इच्छा होती.

सातव्या मालिकेत ते बँडमास्तर झाले. चित्रीकरण अकोल्याला होते. ऐन लग्नाची तिथी बँडमधल्या धम्मदीपच्या हवाली करून मास्तर गेले आणि कॅमेऱ्यासमोर त्यांनी तीच पारावरची चाल धरली.

“सुंदर, मास्तर!” तरुण दिग्दर्शक म्हणाला. “आता पुन्हा एकदा, पण न फुंकता. नुसती बोटं फिरवा. आवाज आम्ही मागाहून घालू.”

मागाहून म्हणजे आपल्यालाच बोलावतील, असे मास्तर समजले. महिनाभर त्यांनी फोन उशाशी ठेवला. तो वाजला नाही.

भाग लागला त्या दिवशी सारा बँड त्यांच्या घरी जमला. पडद्यावर मास्तरांची बोटे संथ फिरत होती आणि क्लॅरोनेटमधून धडाक्यात ट्रम्पेट वाजत होता.

“मास्तर,” धम्मदीप हळूच म्हणाला, “बोटं पारावरची चाल वाजवून राह्यले, अन् आवाज वरातीचा!”

“बंद करू काय?” मनकर्णाबाईंनी नवऱ्याला विचारले.

“राहू दे. बोटं तं माहेच हायेत.”

पुढच्या तिथीला बडनेऱ्याच्या पाराशी घोडा थांबला. मास्तरांनी क्लॅरोनेट ओठांपाशी नेली, तोच नवरदेवाचा मामा आडवा आला.

“थांबा हो, मास्तर! आधी थे म्हना, टीव्हीवालं!”

दहा-बारा मोबाइल वर झाले. मास्तरांनी धम्मदीपकडे पाहिले. धम्मदीपने मान खाली घातली.

“मले काय मालूम, बाईसायेब!” मास्तर म्हणाले.

एकच हशा पिकला. “अजून एक डाव!” मामा ओरडला. मास्तरांनी पुन्हा म्हटले. हसणे ओसरले तेव्हा नवरदेव केव्हाच उतरून देवळात गेला होता आणि मोबाइलही त्याच्यामागे गेले होते.

“आता कोनासाठी वाजवता, मास्तर?” धम्मदीपने विचारले. “वरातीचंच सुरू करू.”

मास्तरांनी हात वर करून ताशे थांबवले. रिकाम्या घोड्यासमोर उभे राहून त्यांनी ती चाल पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत वाजवली.