बुटक्यांच्या राज्याचे आबा

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आबांना, मी दोन वर्षं चोरून वापरलं. त्यांचं बोलणं, त्यांचं खाकरणं, त्यांचं घर, सगळंच. आणि ज्या दिवशी त्यांना ते कळलं, त्या दिवशी त्यांनी माझी जी लाज राखली, त्याचे उपकार काही फिटायचे नाहीत. म्हणून निदान लिहून ठेवते.

लग्न होऊन मी केंदूरला आले तेव्हा आबांचा दबदबा मोठा होता. सोसायटीच्या निवडणुकीत कोण कुठल्या पॅनेलमधून फुटणार, कुणाला गोड बोलून परत आणायचं, हे सगळं आमच्या ओसरीवर ठरायचं. आलेल्या माणसाचं आबा शांतपणे ऐकून घ्यायचे आणि मग एकच विचारायचे, "तुमचं काय म्हणणं हाय?" सालगड्यालासुद्धा विचारायचे. मला मात्र चार वर्षांत कुणी भाजीत मीठ किती घालायचं एवढंही विचारलं नाही. मी चहा द्यायचा आणि आत जायचं. शिकलेली होते म्हणून शिक्रापूरच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवायला जायची परवानगी तेवढी मिळाली होती. तीही आबांच्या एका अटीवर: "घराच्या नावाला बट्टा लागला, तर त्या दिवशी क्लास बंद."

क्लासात दुपारी बॅच नसायची. मी एकटीच असायचे. त्या वेळात मला इंटरनेटवरचा एक खेळ सापडला. त्यात जादूगारांची, ड्रॅगनवाल्यांची, बुटक्यांची राज्यं होती आणि प्रत्येक राज्यामागं कुठंतरी बसलेला खरा माणूस. एकट्याचं राज्य आठवडाभरसुद्धा टिकायचं नाही, म्हणून युती करायची, आणि युतीतली पत्रं राजा होऊनच लिहायची असा नियम. मी बुटक्यांचा म्हातारा राजा झाले. आता म्हातारा राजा बोलतो कसा हे मला काय ठाऊक? माझ्या माहितीत एकच होता, तो रोज आमच्या ओसरीवर बसायचा. मग काय, इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करत मी आबांची नक्कल सुरू केली. कुणी राजा तावातावानं लिहू लागला की मी लिहायचे, "जरा दमानं. आधी सांगा, तुमचं काय म्हणणं हाय?" बघता बघता चार राज्यं माझ्याभोवती जमली. सगळे मला 'आबा' म्हणायचे, 'अहो-जाहो' करायचे, माझ्या सल्ल्याशिवाय सैन्य हलवायचे नाहीत. खरं सांगते, मला त्याची चटक लागली. दिवसभरात माझ्या शब्दाला किंमत असायची ती त्या दोन तासांत.

त्या चौघांत एक जादूगारांचा राजा होता. माणूस दौंडचा, कुरकुंभच्या केमिकल कंपनीत पाळीनं कामाला. एकदा उत्तरेकडच्या मोठ्या युतीनं त्याला फोडायला घेतलं. मी अर्थातच आबांचा उपाय काढला. आमच्याकडं निवडणुकीत बेल-भंडारा उचलायला लावतात. हातात बेलाचं पान आणि भंडारा घेऊन शपथ घेतली की माणूस फुटत नाही. मी सगळ्या राजांना फर्मान काढलं, "भंडारा उचला." तिघांनी लगेच टाइप केलं, 'उचलला.' दौंडकरानं लिहिलं, "आबा, आम्ही मुसलमान. आमच्यात भाकरीवर हात ठेवून शब्द देतात. पण तो टाइप करून कसा द्यायचा? तुमच्यासमोर येऊन देतो." मी ऐटीत उत्तर दिलं, "या की केंदूरला. आबा कुठं राहतात, कुणालाही विचारा." मला वाटलं, खेळातलंच बोलणं चाललंय.

रविवारी सकाळी दारात मोटरसायकल थांबली. रात्रपाळी संपवून तसाच आलेला, जाड मिशांचा, तिशीतला माणूस. गावात त्यानं 'राजकारण करणारे आबा कुठं राहतात' असं विचारलं होतं, त्यामुळं त्याला आमचंच घर दाखवलं होतं. ओसरीवर आबा सुपारी कातरत होते. तो वाकून म्हणाला, "आबा, मी जादूगारांचा राजा. शब्द द्यायला आलोय."

माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. मी उंबऱ्यातच थांबले. दोन वर्षं परक्या पुरुषांशी पत्रव्यवहार, तोही सासऱ्यांच्या नावानं! क्लास तर गेलाच, माहेरी पाठवतील की काय, इथवर मनात येऊन गेलं. आबांनी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. माझ्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असणार. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"या, बसा," आबा म्हणाले. "लांबनं आलात."

तो बसला आणि धडाधडा सांगायला लागला. उत्तरवाले रोज निरोप धाडतायत, त्यांचं सैन्य आपल्या तिप्पट हाय, आन् वर चार ड्रॅगन!

आबांची पापणीसुद्धा लवली नाही. "असू द्या की," ते म्हणाले. "आमच्या टायमाला बी व्हते. काय झालं? आम्ही हाओतच की अजून."

मला हसू का रडू कळेना. पण मग त्यानं विचारलं, "आबा, सैन्य पुलावर ठेवू का किल्ल्यात घेऊ?" इथं चाळीस वर्षांचं राजकारण काय कामाचं? आबांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. मग म्हणाले, "हे खातं आमच्या सूनबाईकडं असतंय. सूनबाई, पुढं या."

मी पदर सावरून पुढं आले. सांगितलं: पूल सोडा, किल्ल्यात घ्या, ते दमले की मागनं माझी, म्हणजे आबांची बुटकी फौज येईल. तो मान डोलवत म्हणाला, "व्हय ताई. बरोबर हाय." आबांनी आतून भाकरी मागवली. त्यानं तिच्यावर हात ठेवून शब्द दिला, आणि मग तीच भाकरी ठेच्याबरोबर खाऊन दौंडला गेला. पुढं त्या ड्रॅगनांनी आम्हांला भाजून काढलं, भंडारा उचललेल्यांतले दोघं फुटले. तो शेवटपर्यंत फुटला नाही.

मोटरसायकलचा आवाज गेल्यावर आबांनी मला समोर उभं केलं. "आता खरं बोल. हे राज्य किती एकराचं?"

"आबा, खोटं हाय. कॉम्प्युटरवरचा खेळ हाय."

"आन् हा गडी? रातभर काम करून आला तो?"

"तो खरा हाय."

"मग खऱ्या माणसाला खोटं नाव का सांगितलंस?" आता आवाज चढला होता. "तुझं तुला नाव न्हाई का?"

मला रडू फुटलं. म्हटलं, "माझ्या नावानं कुणी ऐकलं नसतं, आबा. इथं तरी कोण ऐकतं?"

बोलून गेले आणि जीभ चावली. आबा उठले. टोपी घातली आणि मळ्याकडं निघून गेले. दिवसभर घरात कुणाला त्यांनी एका शब्दानं काही सांगितलं नाही. मी मात्र मनातल्या मनात क्लासच्या कपाटाच्या किल्ल्या परत करून आले होते.

संध्याकाळी नेहमीची माणसं ओसरीवर जमली. सोसायटीची निवडणूक तोंडावर होती आणि आमच्या पॅनेलमधला एकजण फुटायच्या बेतात होता. त्याला आत्ताच काढून टाकावं, असं दोघं म्हणत होते, दोघं नको म्हणत होते. मी खाली मान घालून चहा दिला आणि आत जायला वळले.

"थांब," आबा म्हणाले.

आबांनी शेजारची खुर्ची पायानं पुढं सरकवली.

"तू सगळं ऐकलंस न्हवं? तुझं काय म्हणणं हाय?"

चहाचा ट्रे अजून हातातच होता. तो मी खाली ठेवला, खुर्चीत बसले आणि बोलायला लागले.