आप्पांनी न वाचलेली पाटी

आप्पांचा राग रोज सकाळी त्यांच्याआधी येऊन गॅरेज उघडतो, असं समोरचा शिंपी म्हणायचा. आप्पांच्या कानावर ते गेलं होतं. त्यावरही ते रागावले होते.

गाड्यांचे शॉकअप आणि स्प्रिंगा हे त्यांचं काम. गाडी दारात आली की मालकाशी एक शब्दही न बोलता ते तिचा एक कोपरा तळव्याने खाली दाबून सोडत. गाडी एकदा वर येऊन बसली तर ठीक. दुसऱ्यांदा उसळली की आप्पांच्या कपाळावरची शीर फुगायची. "ह्यात माणसं बसवता तुम्ही? बटाट्याची पोतीसुद्धा बसवू नका." गिऱ्हाइकं निमूटपणे ऐकून घेत, कारण आप्पांच्या हातून गेलेली गाडी पाच-सहा वर्षं कुरकुरत नसे.

धाकटा भाऊ नाना त्याच गॅरेजात होता. हात आप्पांइतकाच चांगला, स्वभाव मऊ, बोलणं मात्र लांबलचक. चार वर्षांपूर्वी आप्पा एका गिऱ्हाइकासमोर त्याला म्हणाले होते, "तुझं पुराण संपेपर्यंत गाडी गंजून जाईल." नानाने हातातला पाना खाली ठेवला आणि त्या दिवसापासून आप्पांशी बोलणं सोडलं. दोघं एकाच गाडीखाली शिरत, एक धरी, दुसरा आवळी, पण तोंडातून अक्षर नाही. कामाचा निरोप दाराशेजारच्या काळ्या पाटीवर लिहायचा. तिथेही आप्पांनी एक दिवस छताकडे पाहून जाहीर केलं, "चार शब्दांच्या वर लिहिलेलं मी वाचणार नाही." नानाचं अक्षर छापल्यासारखं. तो मुद्दाम आठ-आठ ओळी लिहू लागला, आणि आप्पा रोज सकाळी ओल्या फडक्याने पाटी पुसू लागले.

अशात एक दिवस भाची आली. थोरल्या बहिणीची, म्हणजे ताईची एकुलती एक मुलगी. नुकतीच नोकरीला लागून तिने जुनी गाडी घेतली होती. आल्या आल्या तिने एक खोकं टेबलावर ठेवलं. त्यात चार लाल स्प्रिंगा होत्या.

"मोठे मामा, गाडी खाली बसवायची आहे. चार बोटं."

आप्पांनी एक स्प्रिंग उचलून पाहिली. "आणि शॉकअप?"

"आहेत तेच चालतात म्हणाला दुकानदार."

"दुकानदाराला काय, तो स्प्रिंगा विकतो. गाडीत तू बसतेस." आप्पांचा आवाज चढला. "अगं, शॉकअप लांब आणि स्प्रिंग आखूड. गाडी खड्ड्यात आपटली की शॉकअपचा दांडा थेट तळाला ठोके खाणार. आणि चाक खाली लोंबलं की मागची स्प्रिंग बैठकीत सैल होणार. तिला धरून ठेवायला तिथे काही नाही. नुसती वरच्या आणि खालच्या बैठकीमध्ये दाबून उभी असते ती."

"सगळे करतात, मामा."

"सगळ्यांचे मामा मी नाही. आखूड शॉकअप आण, मग बोल. नाहीतर ही तुझी लाल खेळणी उचल आणि चालू लाग."

भाची खोकं उचलून गेली ती सरळ मागच्या अंगणात, धाकट्या मामाकडे. नानाने तिचं सगळं ऐकून घेतलं. चूक आप्पांची नाही हे त्यालाही ठाऊक होतं. त्याने आखूड शॉकअप मागवले. संध्याकाळी गाडी किती बसते ते पाहायला लाल स्प्रिंगा चढवून ठेवल्या, म्हणजे दुसऱ्या दिवशी फक्त शॉकअप बदलायचे उरतील. आणि जाताना पाटीवर सविस्तर लिहिलं. शॉकअप उद्या अकराला येतील, मी आणायला जातो, तोवर ती जुन्याच शॉकअपवर आहे, गाडी कोणाला देऊ नये. किल्ली नेहमीसारखी खिळ्याला अडकवली.

सकाळी आप्पा आले. पाटीवर आठ ओळी. ओलं फडकं फिरलं.

मग त्यांचं लक्ष अंगणाकडे गेलं. भाचीची गाडी जमिनीला पोट टेकवून बसली होती. मी नाही म्हटलेलं काम ह्याने केलं, माझ्या गॅरेजात, माझ्या पाठीमागे. आप्पांच्या कपाळावरची शीर फुगली. तेवढ्यात भाची आली, सोबत ताई. माय-लेकी टेकडीपलीकडच्या गावी, कुणा नातेवाइकाला भेटायला निघाल्या होत्या.

"झाली वाटतं गाडी," भाची हरखून म्हणाली. "धाकट्या मामांनी फोन नाही केला."

आप्पांनी किल्ली ओढून काढली आणि तिच्या हातावर टाकली. "घेऊन जा. माझ्या डोळ्यांसमोर नको ती."

"आप्पा, सकाळी सकाळी काय झालं तुला?" ताईने विचारलं.

"धाकट्याला विचार."

चाळीस वर्षांत तळवा न लावता सोडलेली ती पहिली गाडी.

अकराला नाना खोकं खांद्यावर घेऊन आला. अंगण रिकामं. तो पाटीकडे गेला, पाटी रिकामी. मग चार वर्षांत पहिल्यांदा त्याने आप्पांकडे सरळ पाहिलं.

"गाडी कुठे आहे?"

"नेली तिने, ताईला घेऊन टेकडीपलीकडे. तूच करून ठेवलीस ना?"

"शॉकअप ह्या खोक्यात आहेत."

आप्पांच्या हातातला पाना तसाच राहिला. "मग किल्ली खिळ्याला कशी?"

"देऊ नये असं लिहिलं होतं."

"मी वाचत नाही हे ठाऊक आहे तुला. तरी आठ ओळी."

"'गाडी कोणाला देऊ नये.' चारच शब्द होते ते, शेवटच्या ओळीत." नाना म्हणाला. "शेवटपर्यंत यायला तुला जमलं नाही. आणि हात? गाडीवर हात ठेवला असतास तर आंधळ्यालाही कळलं असतं. ताई बसली आहे त्यात."

आप्पांनी पाना टाकला. भाचीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला, गाडी चालवताना ती फोन घेत नसे. नानाने जॅक, पाने आणि शॉकअपचं खोकं गॅरेजच्या व्हॅनमध्ये टाकलं, आप्पा चालकाच्या जागी बसले.

टेकडीच्या अर्ध्यावर, रस्त्याला मोठा उंचवटा आहे तिथे, गाडी कडेला उभी होती. भाची वाकून मागच्या चाकाखाली बघत होती. ताई दगडावर बसली होती, धडधाकट, आणि संतापलेली.

"उंचवट्यावरून उतरलो आणि मागून धाडकन आवाज झाला," भाची म्हणाली. "मागचा भाग वाटेल तसा सरकायला लागला. हळू होते म्हणून थांबवता आली."

आप्पांनी गाडी जॅकवर घेतली. चाक लोंबलं तशी लाल स्प्रिंग आडवी होऊन बाहेर डोकावली. बोटाने ढकलली असती तरी रस्त्यावर पडली असती.

"कोणी केलं हे?" ताईने विचारलं.

"मी," नाना म्हणाला.

"स्प्रिंगा ह्याने बसवल्या," आप्पा जॅककडे बघत म्हणाले. "किल्ली मी दिली. न बघता दिली."

"बोलत नाही म्हणे एकमेकांशी," ताई म्हणाली. "साठी आली तरी रुसवे. तुमच्या त्या अबोल्यापायी माझ्या पोरीची हाडं गोळा करायची होती का मी इथे?"

दोघं पुन्हा चाकाकडे वळले. मागचे शॉकअप सोपे, वर-खाली एकेक बोल्ट. नानाने स्प्रिंग बैठकीत धरली, आप्पांनी आखूड शॉकअप चढवला, मग दुसऱ्या बाजूचा. आता चाक लोंबलं तरी स्प्रिंग घट्ट. पुढचे मात्र रस्त्यावर होण्यासारखे नव्हते.

"म्हणजे खाली बसवता येते ना गाडी?" भाचीने चाचरत विचारलं.

"मी येत नाही कधी म्हटलं?" आप्पा उसळले. "शॉकअप आण म्हटलं होतं. ती व्हॅन तू घे, आईला घेऊन मागून ये. ही मी नेतो."

"पुढचे जुनेच आहेत," नाना म्हणाला. "वीसच्या वर नेऊ नकोस."

"मला शिकवू नकोस."

"शिकवायला बसतोच आहे," म्हणत नाना पलीकडचं दार उघडून शेजारी बसला.

खालपर्यंत यायला तासभर लागला. मागून व्हॅनमधून दोघींना पुढच्या काचेतली दोन पिकली डोकी दिसत होती. एकाचा हात हवेत जाई, मग दुसऱ्याचा, मग दोघांचे एकदम.

"भांडताहेत का गं?" ताईने विचारलं.

"केव्हाचे," भाची म्हणाली. "आणि मोठे मामा स्टिअरिंगवर हात ठेवत नाहीयेत."

"हॉर्न दे त्यांना," ताई म्हणाली. "पण भांडण थांबवू नकोस."