हंसाबाईची दाढ

दारव्हा-यवतमाळ रस्त्यावर बाबुलालची काळीपिवळी जीप धावायची, आणि त्याच्या तांड्यात कुणाचंही दुखणंखुपणं निघालं की पहिली हाक त्यालाच. अडलेली बाळंतीण असो की साप चावलेला गडी, बाबुलाल भरल्या ताटावरून उठायचा. याचा त्याला भारी अभिमान. दिव्याखाली अंधार असतो, हे दिव्याला कोण सांगणार?

त्याच्या बायकोची, हंसाबाईची खालची दाढ किडली. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी रूट कॅनाल केलं आणि वर बजावलं, "दुखणं थांबेल, पण काम अर्धंच झालंय. आतली नस काढलीय, दाढ पोकळ झालीय. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीसारखी कटकन मोडेल. पक्कं भरून वर कॅप बसवायचीय. पुढच्या आठवड्यात नक्की या. तोवर त्या बाजूनं चावू नका."

पुढच्या आठवड्यात हंसाबाई चांगलं पातळ नेसून जीपपाशी आली. जीप खचाखच भरलेली.

"आज सवारी फुल्ल हाय," बाबुलाल म्हणाला. "दाढ दुखून राह्यली काय?"

"नाही."

"मंग कायले घाई? उद्या नेतो."

असे कितीतरी उद्या गेले. दुखत नाही म्हणजे बरं झालं, हा बाबुलालचा हिशोब. रोज तो त्याच दवाखान्यासमोरून जायचा, कधी तिथेच लोकांना उतरवायचा. हंसाबाईनं पुन्हा विषय काढला नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत तिलाही उसंत नव्हती. भाकरी मात्र ती एकाच बाजूनं चावायची, आणि ते त्याला रोज दिसत होतं.

एका संध्याकाळी भाजलेले हरभरे खाताना बाजू चुकली. कट्ट आवाज झाला, आणि हंसाबाई गाल धरून खाली बसली. दुसऱ्या दिवशी बाबुलालनं एकही सवारी घेतली नाही.

डॉक्टरीणबाईंनी फोटो काढून पाहिला. "नुसती वरून तुटली असती, तर मुळात खिळा बसवून त्यावर दाढ उभी केली असती. पण चीर पार मुळात गेलीय. आता काढावीच लागेल." मग चिडून म्हणाल्या, "एवढं सांगूनही का नाही आलात?"

चूक माझी, असं सांगून मोकळं व्हावं, असं बाबुलालला मनापासून वाटलं. त्यानं तोंड उघडलंही. पण खुर्चीतून हंसाबाईच आधी बोलली.

"मलेच आळस आला, बाई. हे तं रोज म्हणत, चाल म्हणून. मीच वावरात पळून जाओ."

"बघा," डॉक्टरीणबाई इंजेक्शन भरत म्हणाल्या, "एवढी काळजी करणारा नवरा. त्यांचं ऐकायला हवं होतं. हो की नाही हो?"

शरमेनं बाबुलालचे कान तापले. हंसाबाई त्याच्याकडे बघत नव्हती. त्यानं हळूच मान हलवली, हो म्हणून.