निसारभाईंनी म्हातारी केलेली गिटार

निसारभाई गेल्याचं मला त्या दुकानदाराच्या स्टेटसवरून कळलं. बावड्यात माझं साड्यांना फॉल-पिको करायचं छोटं दुकान आहे. सकाळी शटर वर केलं, फोन हातात घेतला, तर समोर निसारभाईंचा फोटो. त्यांच्या खांद्यावर दुकानदाराचा हात आणि खाली लिहिलेलं, 'माझा भाऊ, माझा कलावंत हरपला.' त्यांच्या बायकोचा, रुख्सानाभाभींचा, फोन त्यानंतर आला. मला रडू यायच्या आधी राग आला, आणि आता दीड महिना होत आला तरी तो उतरलेला नाही. त्या माणसाचं नाव मी इथं लिहिणार नाही. पुण्यात त्याचं जुन्या गिटारींचं, समोर काचा लावलेलं दुकान आहे, एवढं पुरे.

आमचा इंदापूरला ऑर्केस्ट्रा होता. मी गायचे, निसारभाई गिटार वाजवायचे. जत्रा, लग्नं, गणपती... लोकांना गाणारी दिसायची, गिटारवाला मागं अंधारात. एकदा वरकुट्याच्या जत्रेत मी दुसरं कडवंच विसरले. निसारभाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि मला शब्द आठवेपर्यंत असं काही वाजवत राहिले की शिट्ट्या त्यांनाच पडल्या. स्टेजवरून उतरल्यावर मी आभार मानायला गेले, तर म्हणाले, "पाठ करून येत जा. मी काय दर येळी हाय का?" ते तसे गोड बोलणारे नव्हतेच. गोड बोलता आलं असतं तर पुढचं बरंचसं टळलं असतं, असं मला आता वाटतं.

डीजे आले, ऑर्केस्ट्रा मोडला. निसारभाई बारामतीत मोटारींना रंग मारायच्या गॅरेजात लागले. त्यांच्या गिटारीवर ऑर्केस्ट्राच्या मालकानं हौसेनं चमकीचा चंदेरी रंग थापला होता. तो त्यांनी खरवडून काढला आणि आतल्या लाकडाला पूर्वीचा मधाच्या रंगाचा हात दिला. ते बघून कुणी आपली गिटार आणून दिली, मग आणखी कुणी. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हे काम वाढत गेलं, आणि त्यातूनच हा दुकानदार उगवला. त्याला वेगळंच काम करून हवं होतं. नवी गिटार द्यायची आणि ती पन्नास-साठ वर्षं वाजवल्यासारखी दिसली पाहिजे.

मी बारामतीला माल घ्यायला गेले की शेडमध्ये डोकावायचे. लॅकरचे, म्हणजे चकाकी देणाऱ्या रंगाचे, पातळ हात एकावर एक चढवायचे, मग गिटार आइस्क्रीमवाल्याच्या फ्रीजरमध्ये ठेवून थेट उन्हात आणायची. त्या झटक्यानं रंगाला केसासारख्या बारीक भेगा पडत. पांढरा रंग पिवळट दिसावा म्हणून वरच्या हातात थोडी तपकिरी छटा. स्क्रू मिठाच्या पाण्यात गंजवायचे. सगळ्यात जास्त वेळ जायचा तो घासण्यात. ते गिटार गळ्यात अडकवून उभे राहायचे, वाजवायचे, कोपर कुठं टेकतं ते बघायचे आणि तेवढीच जागा पॉलिशपेपरनं हळूहळू लाकडापर्यंत न्यायचे.

"चांगल्या नव्या वस्तूची ही काय दशा करायची?" मी विचारलं होतं.

"दशा न्हाय. हिला कुणीतरी लई वाजिवलीय असं वाटलं पायजे. उगं ओरखडं मारलं तर ती मार खाल्ल्यावानी दिसती."

दुकानदाराला त्यांनी एकच अट घातली होती. गिऱ्हाइकाला खरं सांगायचं, की गिटार नवी आहे, जुनेपण आम्ही दिलंय. मी तिथंच खुर्चीवर बसले होते. "अरे निसार, हे काय सांगायला हवं का?" असं म्हणून तो हसला आणि गिटार गाडीत घालून निघून गेला.

मग एका दुपारी इंदापूरचे एक निवृत्त गुरुजी शेडवर आले. उतारवयात गिटार शिकत होते. गिटारीतली एक वायर सैल झाली होती, ती जोडून हवी होती. गिटारीची पेटी उघडता उघडता म्हणाले, "जपून बरं का. साठ वर्षांची आहे. एका मोठ्या वादकाच्या घरातून निघाली." निसारभाईंनी आत बघितलं. कोपराची घासलेली जागा त्यांच्याच हातची होती. त्यांना गप्प राहता आलं असतं. वायर जोडून दिली असती तर गुरुजी आनंदानं घरी गेले असते आणि आज कुणाला काही कळलंही नसतं. निसारभाईंनी वायर जोडली आणि सांगितलं, "गुरुजी, ही नवी हाय. मीच जुनी केलीय. त्यांनी तुमाला सांगाय पायजे हुतं."

गुरुजी तडक पुण्याला गेले. काचेच्या दुकानात त्यांना चहा मिळाला आणि उत्तर मिळालं, 'निसारनंच मला जुनी म्हणून दिली. मीसुद्धा फसलो.' आणि गुरुजींनी ते मानलं. हे मला अजून पचत नाही. ज्यानं आपणहून खरं सांगितलं तो पत्र्याच्या शेडमध्ये बसला होता आणि ज्यानं फसवलं त्याच्याकडे एसी होता, यापलीकडं मला कारण सापडत नाही. परत येऊन ते शेडच्या दारात उभे राहिले आणि चार लोकांसमोर म्हणाले, "खोटं बनवणारा तूच ना? मग चोर कोण?"

ही गोष्ट इंदापूर-बारामतीत पसरायला वेळ लागला नाही. गिटारी यायच्या थांबल्या. गॅरेजच्या मालकानं 'जरा विश्रांती घ्या' म्हणून सांगितलं. मी म्हणाले, "चला पुण्याला. अट घातली तेव्हा मी समोर होते, मी सांगते." ते नाही म्हणाले. "केलीय मीच न्हवं? आता कुणाफुडं नाचू?" मी त्यांच्याशी भांडले. भाभीही भांडल्या. ते शेडमध्ये जाऊन नुसते बसायचे. एका पहाटे उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. असेल.

चाळिसाव्याला मी गेले होते. माणसं जेवून गेल्यावर भाभींनी शेडचं कुलूप काढलं. थिनरचा वास तसाच होता. निसारभाई गिटार खिळ्याला टांगून फवारा मारायचे, त्यामुळे मागच्या भिंतीवर चहूकडं रंग उडालेला आणि मधे गिटारीच्या आकाराची कोरी जागा. आम्ही दोघी त्या जागेकडं बघत उभ्या होतो, तेवढ्यात गुरुजी आले. हातात तीच पेटी.

"माझं चुकलं, वहिनी," ते म्हणाले. "त्या दुकानदारानं आणखी दोघांना तसंच विकलंय. आता कळतंय सगळं... ही मला घरात ठेवता येत नाही. इथंच राहू द्या."

मला वाटलं, भाभींनी ती पेटी रस्त्यावर फेकावी. मी असते तर फेकली असती. मी गुरुजींना बसा म्हणाले नाही, पाणीही विचारलं नाही. भाभींनी स्टूल पुढं सरकवलं.

"हितं नगा ठिवू," त्या म्हणाल्या. "आमच्यात आता वाजवणारं कोण हाय? तुमी वाजवा."

"आता?"

"आता. बगू तरी."

कोपऱ्यात निसारभाईंचा लहान स्पीकर होता. भाभींनीच त्याची धूळ झटकून वायर लावून दिली. गुरुजींनी गिटार गळ्यात अडकवली, त्यांचं कोपर निसारभाईंनी घासलेल्या जागेवर बरोबर टेकलं, आणि शिकाऊ माणूस वाजवतो तसं, अडखळत, चुकत, ते वाजवायला लागले. भाभी भिंतीला टेकून ऐकत होत्या. गिटार फार चांगली वाजत होती. त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.